जुळ्या बोटींतली एक

प्रिय ठमे,

बोट घेतली. मी निवडलेलीच घेतली, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

सुट्टीला सगळ्यांनी मिळून तळ्यावर जावं म्हणून तुझ्या दादाने हे पाँटून बोटीचं खूळ काढलं. दोन लांबलचक पिंपांवर सपाट फळी टाकायची, वर कठडा, बाक आणि छत, झाली बोट. दुकानाच्या आवारात दोन उभ्या होत्या, अगदी जुळ्या बहिणी. लांबी तीच, इंजिन तेच, किंमतही तीच. दादाला निळी हवी, का तर निळी आहे. वहिनीला करडी, का तर डाग दिसत नाहीत. दोघं भांडून भांडून घामाघूम झाली आणि हात हलवत घरी आलो.

माझ्या डोक्यात मात्र तू होतीस. कधीही बोलावलं की तुझं ठरलेलं, सासूबाईंना चालता येत नाही, त्यांना एकटं टाकून कशी येऊ. खरंच आहे ते. पण त्यापायी तुझी पोरं मामाला काका म्हणायला लागली, हे काही मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याची चाकाची खुर्ची मागून आणली आणि दुकानाच्या फाटकात तिच्यात ठाण मांडलं. दादा म्हणतो, आई, तू चांगली धडधाकट, लोक काय म्हणतील? म्हटलं, लोकांना म्हणू दे, तू ढकल. विकणारा मोठा मायाळू. आजी सावकाश, आजी घाबरू नका. मी मान डोलावतेय.

निळीचं दार रुंद, आत शिरले झोकात. पण समोरच बाक पक्का ठोकलेला, खुर्ची वळेचना. दारातच अडकले, ट्रंक ठेवावी तशी. सगळे आत मजा करणार आणि मी वाटेत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे धक्के खाणार. म्हटलं, मागे घे. करडीतला पुढचा बाक उचलून कठड्याला लावता येतो. थेट पुढे गेले, गर्रकन वळले. चाकं बांधायला खाली पट्टे, समोर मोकळं, आणि गप्पा मारायला माणसं शेजारीच. हीच, म्हटलं, आणि उठून तरातरा चालत खाली उतरले. विकणाऱ्याचे डोळे कपाळात! मला धरायला पुढे केलेला हात तसाच हवेत. वहिनी हसून हसून बाकावर आडवी. दादा अजून म्हणतो, निळी छान होती. म्हणू दे.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तिथे तू मध्येच नाही म्हणतेस आणि माझं बोलणं राहून जातं. पत्र काही तुला मध्येच तोडता येत नाही, म्हणून ही वाकडीतिकडी अक्षरं. तुझ्या सासूबाईंना मी परस्पर विचारलं. आधी म्हणाल्या, माझं ओझं कशाला. मी म्हटलं, पुढची जागा तुमची, नको असेल तर मी बसते. लगेच हो म्हणाल्या, वर टोपी कुठली घालू असं विचारतात. येत्या रविवारी दादा गाडी घेऊन येतोय. त्यांचं यायचं पक्कं आहे. तुला एकटीला घरी बसायचं असेल तर खुशाल बस.

तुझीच,
आई