उगवतीची चोच

आई, उद्या दिव्याची आवस. सकाळपासून घरातले सगळे दिवे पाटावर काढून बसले आहे आणि वाटीत चिंच भिजत घातली आहे. बाजारात हल्ली पितळ चमकवायची पावडर मिळते, डबीवर हसरी बाईसुद्धा असते. पण ती आणली तर तू मागे उभी राहून "आळशी कुठली" म्हणशील असं अजून वाटतं, म्हणून चिंचच. तू गेलीस तेव्हा तुझं जे वय होतं, त्याच्यापेक्षा मी आता मोठी झाले. म्हणजे हिशेबाने आता मी तुला रागावू शकते. रागवायला कारणंही बरीच सापडतील. पण समई हातात घेतली की मला एकच संध्याकाळ आठवते, आणि त्या संध्याकाळी रागवायला हवं होतं ते तू मला.

आपली ही समई काही खास नाही. हातभर उंचीची, डोक्यावर साधी कळी, वाटीला वाती ठेवायच्या पाच चोची. ती तुझ्याबरोबर कन्हानहून आली. लग्नाच्या परतीच्या वाटेवर गाडीतून गाठोडं घरंगळलं आणि एका चोचीला पोचा पडला. सासरी पाऊल टाकायच्या आधीच माहेरची वस्तू चेपली म्हणून तू रडत होतीस, आणि बाबा म्हणाले, "रडतं काहून? आता ह्या घरात उगवती कोणती ते हीच सांगन." तेव्हापासून आपल्या घरचा नेम झाला. सणावाराला पाचही वाती, रोज एकच, आणि ती पोचा पडलेल्या चोचीत. ती चोच उगवतीकडे. मी लहानपणी एकदा घाईत ती चोच दक्षिणेकडे करून समई ठेवली तर तू माझा कान धरून मला पुन्हा देवासमोर बसवलंस. "दक्षिणेले दिवा वर्षातून एकच दिवस, धनतेरसले. बाकी दिवस यमाले कशाले वाट दाखवून राहिली वं?" कान दोन दिवस लाल होता. बाबा गेले त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते, आणि त्या वर्षीही चोचीची दिशा चुकली नाही.

मग आपण दोघीच. इतवारीच्या मागे दोन खोल्या, बाहेर सामाईक नळ. तू मांडीवर कापसाच्या वाती वळून पूजेच्या दुकानात द्यायचीस, मी शिकवण्या करायची. मी शिकले, आणि सत्तर सालच्या आसपास नरखेडच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. तो कागद तू माझ्याकडून तीनदा वाचून घेतलास. मला वाटलं आनंदाने. सुईत दोरा मला ओवायला लावायचीस, "हात बसला पाहिजे तुहा" म्हणायचीस. तांदूळ निवडायला मला बसवायचीस आणि स्वतः शेजारणीशी गप्पा मारायचीस. पोथी बंद करून ठेवलीस, पाठ झाली म्हणालीस. एवढ्या वर्षांत माझ्याशिवाय कोणावरही न चिडणारी बाई दाराच्या उंबऱ्यावर चिडायला लागली, कारण तो म्हणे मध्येच येत होता. मी हसायची.

तुझ्या हातांकडे मात्र माझं लक्ष होतं. चिंच आणि राख लागून बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यात पावसाळ्यात पाणी जाऊन चरचरायचं. मी नरखेडला गेल्यावर हे सगळं तू एकटी घासणार. तेव्हा घरोघरी स्टीलचं वेड शिरलं होतं, पितळेला निकल करून पांढरं करायची टूम निघाली होती. निकल केलं की घासायला नको, नुसतं पुसलं की झालं. शिकवणीचे पैसे साठले होते. रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, आवसेच्या आदल्या सकाळी, तुला न सांगता मी समई पिशवीत घातली आणि भांड्यांच्या गल्लीत एका पॉलिशवाल्या काकांकडे नेली. काकांनी ती फिरवून पाहिली. "बाई, याची एक चोच दबली हाय. ते बी सरळ करून देतो. त्याचे पैसे नाई घेत, आवस तोंडावर आली, देवाचं काम हाय." मी त्यांना हात जोडले. एवढा चांगला माणूस आजच्या काळात मिळत नाही असं वाटत घरी आले.

त्याच दुपारी मी समई आणून तुझ्या मांडीवर ठेवते आहे. तू वाती वळणं थांबवतेस. हात तिच्यावरून फिरवतेस, दांडा, बैठक, कळी. "कशी दिसून राहिली?" तू विचारतेस. मी म्हणते, "चांदीसारखी! पाह्य ना." तू म्हणतेस, "म्हणजे हिची कावीळ उतरवून आणली म्हण." आपण दोघी पोट धरून हसतो. मग तुझी बोटं वाटीच्या कडेने फिरायला लागतात. एक चोच, दुसरी, तिसरी. पाची झाल्या, पुन्हा पहिलीपासून. हसणं थांबलेलं आहे. "पोचा कुठं गेला वं?" मी म्हणते, "काकांनी सरळ करून देल्ला. फुकटात." मग माझ्या गालावरून तेलकट हात फिरवतेस आणि म्हणतेस, "बरं केलं बाई. चांगलं केलं."

त्या दिवशी दिवेलागणीला काय झालं ते मी शेवटी लिहिते. आधी बाकीचं लिहू दे.

दुसऱ्या दिवशी आवस होती. पाटावर रांगोळी, कणकेचे दिवे, समईला पाचही वाती, सगळं साग्रसंगीत झालं. सोमवारी मी नरखेडला रुजू झाले. शनिवारी एसटीने परत आले तेव्हा एका मुलीच्या वडिलांनी दिलेली मोसंबी पिशवीत होती. देवापाशी ठेवायला गेले तर समईच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला, गाठ उगवतीकडे. "हा दोरा कशाले वं आई?" तू म्हणालीस, "नवी चकाकी हाय, नजर लागते." मी बरं म्हटलं आणि मोसंबी सोलायला बसले.

असे शनिवार वर्षभर गेले. तू सगळं हाताच्या सवयीने करत होतीस, आणि मी यायच्या दिवशी तर जरा जास्तच भराभर. पुढच्या उन्हाळ्यात नळापाशी पडलीस तेव्हा शेजारणीने मला निरोप पाठवला. रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुला घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू म्हणाले. बाजूची नजर आधी जाते, दुखत-खुपत काही नाही, माणूस रेटत राहतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलंही फार दिवस टिकणार नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. मग त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तूच उत्तर दिलंस, आणि असं घाईघाईने दिलंस की जणू मला खोलीबाहेर ढकलत होतीस. "मीच समजू नाई देल्लं डॉक्टरसाहेब. पोरगी नवी नवी नोकरीवर लागली. समजलं असतं तर गेली नसती. तिले काय ठाऊक, बिचारीले?"

त्यानंतर तू नऊ वर्षं माझ्याकडे नरखेडला राहिलीस. कोणी भेटायला आलं की मला लपवल्याची गोष्ट मोठ्या फुशारकीने सांगायचीस, जसं काही मोठा डाव जिंकलीस. रोजची वात तूच लावायचीस, गाठ चाचपून, आणि कधी चुकली नाहीस. समई घासायची गरज नव्हती तरी दर आवसेला चिंच मागायचीस. मी ओरडायची, "आई, निकल हाय ते, उडून जाईल." तू घासत राहायचीस. शेवटच्या वर्षी एकदा अंगणात बसून म्हणालीस, "पितळ वर येऊन राहिलं, पाह्य. बोटाले समजते. निकल घसरते, पितळ धरून ठेवते." मी वाकून पाहिलं तर खरंच, दांड्याच्या मधोमध बोटभर पिवळं दिसत होतं. इतका आनंद तुला माझ्या पगारवाढीचाही झाला नव्हता.

आता ती संध्याकाळ. समई मी आणली तीच. तू वाटी पुसलीस, तेल घातलंस, एक वात ठेवलीस. मी समोरच ट्रंकेत कपडे भरत होते, त्यामुळे माझ्यादेखत तुला चाचपायचं नव्हतं. वर्षानुवर्षं करत होतीस तशीच झटकन समई उचलून देवाशी ठेवलीस, काडी ओढलीस आणि वात लावलीस. हात जोडलेस. ज्योत दक्षिणेकडे होती. समोर हातभर अंतरावर होती, आई, आणि तू तिच्याकडे बघून डोळे मिटून नमस्कार केलास. जिने त्यासाठी माझा कान लाल केला होता, ती तू. मला सगळं एका क्षणात कळलं. सुईचा दोरा, तांदूळ, पोथी, उंबरा, सगळं. ट्रंकेचं झाकण माझ्या हातात होतं. झाकण खाली ठेवून "आई, तुले दिसत नाई का?" एवढंच विचारायचं होतं. विचारलं असतं तर सोमवारी मी नरखेडला गेले नसते, आपण रामदासपेठेत गेलो असतो. आणि मला जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी जायचं होतं. तू पाणी आणायला मोरीत गेलीस तेव्हा मी हळूच उठले, दांडा धरला आणि समई उगवतीकडे फिरवली. तेल जरासं हिंदकळलं. मग येऊन कपड्यांच्या घड्या केल्या.

तू लाल दोरा बांधलास तेव्हा पुन्हा एकदा संधी होती. मी मोसंबी सोलली. पुढे पहिल्या पगारानंतर, मग दिवाळीनंतर, मग परीक्षा झाल्यावर विचारीन असं म्हणत राहिले. माझ्या गाठीला एवढं सगळं असताना डॉक्टरांसमोर मी कॅलेंडर बघितलं, आणि पुढची नऊ वर्षं तुझी फुशारकी ऐकून घेतली, हसलेसुद्धा. मला सगळं कळलं होतं हे तुला ठाऊक होतं का, ते मला कधी समजलं नाही. कधीकधी वाटतं, डॉक्टरांना तू इतक्या घाईने उत्तर दिलंस ते उगीच नाही.

चिंच भिजली आहे. निकल आता जवळजवळ सगळं गेलं, पोचा मात्र परत आला नाही. हे पत्र टाकायला पेटी कुठली? घडी करून समईच्या बैठकीत घालीन, आतून ती पोकळच आहे. वरचा दोरा दोनदा बदलला, पण गाठ जागच्या जागी आहे. लोकांना मी सांगते की आईशी शेवटी बोलायचं राहून गेलं. राहून गेलं नाही, आई, मी राहू दिलं.