कानपेन्सिलची गरज नाही

३ फेब्रुवारी, सकाळी ९
सुताराला घालवून दिलं. आजपासून घर माझ्या ताब्यात.

कारण लिहून ठेवतो. हिच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. २४ तारखेला ते आमच्याकडे राहायला येणार, कायमचे. डॉक्टरांनी बजावलं आहे की पायऱ्या चढायच्या नाहीत आणि बाथरूममध्ये धरायला दांडे हवेत. आमच्या दारापुढे तीन पायऱ्या आहेत आणि बाथरूममध्ये धरायला फक्त नळ. घर तयार नसेल तर अण्णा मेहुण्याकडेच राहणार. तिथे त्यांना दिवसभर मागच्या खोलीत बसवून ठेवतात, विचारपूस कोणी करत नाही. हे सांगताना हिचे डोळे भरून आले.

सुतार आला तो कानावर पेन्सिल खोचून. पायऱ्या पाहिल्या, भिंत बोटाने वाजवली, मान हलवली आणि म्हणाला, चार दिवस लागतील. चार दिवस! तीन पायऱ्यांवर फळ्या टाकायला! मी एकतीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासली. लाल पेनाने भल्याभल्यांच्या चुका काढल्या. मला हा कानपेन्सिल उतार शिकवणार? गरज नाही म्हणून सांगितलं. ही त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली आणि बराच वेळ तिथेच उभी होती. तिला अशा लोकांचीही कीव येते.

अण्णांनी उभा जन्म लाकडाच्या वखारीत काढला. तीस वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला चांगलं म्हणालेले नाहीत. यंदा म्हणतील.

४ फेब्रुवारी
घर-बाग सजवण्याचे व्हिडिओ पाहिले. एकूण अकरा. सगळे एकजात मूर्ख. तो एक जण शर्टाची इस्त्री न मोडता भिंत पाडतो. तरी दोन-चार कल्पना बऱ्या आहेत, सुधारून वापरता येतील. टायरच्या कुंड्या. वाफ्याला बाटल्यांची कड. खोक्यांचा बाक, अण्णांना उन्हात बसायला.

संकल्प: नुसता उतार नाही, सगळं घरच बदलायचं. उतार शेवटी. सोपं काम आधी केलं की हात आळशी होतो.

६ फेब्रुवारी
टायर कापला. म्हणजे सुरीने सुरुवात केली. सुरी संपली, टायर आहे.

शेजारचे बँकवाले भिंतीवरून डोकावून म्हणाले, टायरमध्ये तार असते. जणू मला माहीत नव्हतं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला माणूस, याला टायरमधलं काय कळतं. टायर न कापता तसाच ठेवला. मुळात तोच आकार सुंदर आहे.

ही विचारते, उतार कधी. सांगितलं, डोक्यात तयार आहे.

८ फेब्रुवारी
बाटल्या उलट्या पुरल्या. तेवीस. कड लाटेसारखी आली आहे. सरळ रेषा कोणीही काढतं.

दुपारी ४: बाक झाला. जरा डुलतो. झोपाळ्याचा आनंद वेगळा द्यायला नको.

१० फेब्रुवारी
बाथरूमच्या दांड्यांना हात घातला. ड्रिल मशीन भाड्याने आणलं. पहिलंच भोक अचूक जागी पडलं. नळाचा पाइप चुकीच्या जागी होता. ज्याने कोणी तो घातला त्याला भिंत म्हणजे काय हे ठाऊक नसणार.

प्लंबर आला. भोकाकडे बघून हसला. मी म्हटलं, हसण्यासाठी बोलावलेलं नाही. तो म्हणाला, हसण्याचं वेगळं घेत नाही. असली अक्कल पाजळायला यांना वेळ असतो.

११ फेब्रुवारी
भोकांशिवाय दांडा बसवण्याची पद्धत शोधली. जाड गम. ट्यूबवर हत्तीचं चित्र आहे. दांडा चिकटवला, दोन तास थांबलो, हिला बोलावलं, आणि सगळा भार टाकून ओढून दाखवला. दांडा हातात आला. सोबत टाइलही आली.

मी समजावलं की गम पास झाला, कारण दांडा टाइलला सोडत नाही. दोष टाइलचा आहे. हिने ती टाइल माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, अण्णा या दांड्याच्या भरवशावर उभे राहणार आहेत. मी म्हटलं, हे काय मला माहीत नाही? मग ही फोन घेऊन परसात गेली. बहुतेक भावाशी बोलत असणार. त्याला माझी प्रगती कळलेली बरी.

१२ फेब्रुवारी
हिला अखेर कामात रस आला. सकाळीच यादी दिली: पितळी बिजागऱ्या, त्याही नदीपलीकडच्या दुकानातल्याच. जवळच्या म्हणे गंजतात. कुठून शिकली देव जाणे. जाऊन-येऊन साडेचार तास. दुकानदाराने विचारलं, बिजागऱ्या कशाला? मला सांगता आलं नाही. गिऱ्हाइकाला असले प्रश्न विचारणाऱ्यांचं दुकान चालतं कसं?

परत आलो तर दांडा घट्ट! लोंबकळून पाहिलं. हलला नाही. ट्यूबवर लिहिलंच आहे, पूर्ण वाळायला चोवीस तास. चार स्क्रूही दिसले. मीच मारले असणार. कामाच्या धुंदीत माणसाला अशा बारीकसारीक गोष्टी लक्षात राहत नाहीत.

टाइलही जागेवर बसलेली. गम म्हणजे गम.

१३ फेब्रुवारी
खिडकीच्या कट्ट्यावर पेन्सिलीचा तुकडा सापडला. चपटा, लाल. माझा असावा. वापरायला सुरुवात केली. कानावर ठेवून पाहिला, पडतो. या लोकांचे कानच वेगळे असतात.

१४ फेब्रुवारी
उताराचं ड्रॉइंग काढलं. नजर लागेल असं झालं आहे. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय, एक इंच उंचीला एक फूट लांबी. आमच्या पायऱ्या मिळून अठरा इंच. म्हणजे अठरा फूट उतार! अंगणात मग दुसरं काय मावणार? डॉक्टरने हाडं बघावीत. मी सहा फुटांत बसवला. इथे एकतीस वर्षांचा अनुभव कामाला येतो.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११
उतार उभा. कापलेल्या फळ्या शिल्लक राहिल्या, हेच कौशल्य.

दुपारी १२.३०: चाचणी. भाड्याने चाकांची खुर्ची आणली होती, तीत मातीची दोन पोती ठेवली, साधारण अण्णांच्या वजनाची. वर दाराशी नेली. नेताना मला आणि हिला दोघांना ढकलावी लागली, कारण पोती सहकार्य करत नाहीत. मग सोडली. खुर्ची खाली आली, अंगण ओलांडलं, फाटकातून बाहेर पडली, रस्ता पार करून समोरच्या झेंडूच्या वाफ्यात गेली. वेग उत्तम. चाकं चांगली आहेत.

ही पायरीवर बसली. रडत नव्हती, पण चेहरा रडल्यासारखा. म्हणाली, पोत्यांच्या जागी अण्णा असते तर? मी म्हटलं, अण्णांना वॉकर आहे, चाकं नाहीत.  पुन्हा फोन, पुन्हा परस.

मला वाईट वाटलं, हे नाकारत नाही. पण संशोधनात असं होतंच.

१६ फेब्रुवारी
ही म्हणते, अण्णांचं सामान आणायला मेहुण्याकडे जाऊन या, दोन दिवस राहूनच या. उताराची सुधारणा अर्धी राहील, म्हणालो. म्हणाली, ड्रॉइंग आहे ना, बाकीचं मी आणि कामवाल्या बाई मिळून जोडू. मला हसू आलं. तरी गेलो.

१७ फेब्रुवारी, मेहुण्याच्या घरी
अण्णा खरंच मागच्या खोलीत. खिडकी भिंतीकडे उघडते. मी उताराचं सांगितलं. ते म्हणाले, जावईबापू, लाकूड कोणतं? मी म्हटलं, चांगलं. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मेहुणा म्हणाला, दाजी, जमत नसेल तर अण्णा इथेच राहतील. याला स्वतःच्या घरचा बल्ब बदलायला माणूस लागतो!  निघताना अण्णांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला. उठायला आधार हवा होता बहुतेक.

१८ फेब्रुवारी
चमत्कार म्हणायला हरकत नाही. उतार पूर्ण! अंगणाला वळसा घालून जातो, मधे थांबायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. लांबी मोजली, अठरा फूट आणि वर चार इंच. दोन बायकांनी केलं हे. ड्रॉइंग स्वच्छ असलं की कोणीही करू शकतं, हे मी ऑफिसात ओरडून सांगत होतो. माझ्या ड्रॉइंगमध्ये वळसा नव्हता, पण त्याची दिशा होती.

हिला शाबासकी दिली. हातांना एक फोडही नाही. बायकांच्या हातांत निसर्गतःच कौशल्य असतं.

१९ फेब्रुवारी
बाक डुलायचा थांबला. लाकडाला जागेवर बसायला आठ-दहा दिवस लागतात. हे अण्णांना सांगण्यासारखं आहे.

शेजारी म्हणाले, परवा दुपारी तुमच्याकडे फार सफाईने काम चाललं होतं, बघत राहावंसं वाटलं. परवा दुपारी मी मेहुण्याकडे होतो. या माणसाला वारही कळत नाही. तरी पहिल्यांदाच कौतुक केलं, म्हणून वाद घातला नाही.

२१ फेब्रुवारी
आणखी एक यादी. यावेळी रबराच्या टोप्या, बसस्टँडमागच्या दुकानातल्या. गेलो. नव्हत्या. आलो तर बाथरूममध्ये बसायची घडीची पाट-खुर्ची भिंतीला लागलेली. ही म्हणाली, तुम्हीच मागे म्हणाला होतात ना, अशी हवी. म्हणालो असेन. मी बरंच काही म्हणत असतो.

२२ फेब्रुवारी
कठडा कोरा दिसतो. रंगवायला घेतला. निळा. ही म्हणाली, राहू दे. मी ऐकलं नाही, शेवटचा हात आपला हवा. दोन तासांत आटोपलं. काही ठिकाणी ओघळ आहेत, पण लांबून पाण्यासारखे दिसतात. पाहणाऱ्याने लांबून पाहावं.

२४ फेब्रुवारी, सकाळी
अण्णा आले. मेहुणा गाडीतून उतरलाच नाही, घाईत होता.

अण्णांनी वॉकर घेतला आणि उताराला लागले. ही एक हात मागे धरून चालत होती, श्वास धरून. मीही धरला होता, खोटं कशाला लिहू. सपाट जागेवर ते थांबले, दम घेतला, आणि पुन्हा चालू लागले. दारात पोचले. स्वतःच्या पायांनी. हिने तोंडावर पदर धरला.

मग अण्णा मागे वळले. कठड्याच्या खालून हात फिरवला, सांधे चाचपले, अंगठ्याने एक जोड दाबून पाहिला. म्हणाले, हे करणाऱ्या हाताला काम येतं. कोणाचं आहे?

तीस वर्षं. मी छाती भरून घेतली.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि कानपेन्सिल आत आला. हातात रबराच्या टोप्या. मला नमस्कार केला, परसात गेला, आमचं स्टूल घेऊन आला, कोणाला न विचारता. त्यावर बसून उताराच्या टोकांना टोप्या बसवू लागला. अण्णांनी त्याला विचारलं, लाकूड कोणतं वापरलं, खालून डांबर दिलं का. त्याने सांगितलं. दोघं वीस मिनिटं बोलत होते. मी छाती कधी सोडली ते आठवत नाही.

दुपारी २
स्वयंपाकघरात हिला विचारलं. दांडा? हो, त्याने. टाइल? त्याने. बाक? खालून दोन पट्ट्या मारल्या. पाट-खुर्ची? मान हलवली. पितळी बिजागऱ्या? खालच्या खणात आहेत, कागदात गुंडाळलेल्या. मी म्हटलं, मला सांगायचंस. म्हणाली, अकरा तारखेला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला पुन्हा घालवून दिलं असतं, आणि अण्णा मागच्या खोलीतच राहिले असते.

 तिचं खरं होतं. फार वाईट वाटलं, आणि हे वाईट वाटणं नेमकं कोणावर काढावं ते सुचेना. आजवर असं कधी अडलं नव्हतं.

विचारलं, मग माझं काय आहे यात? तिने खरंच विचार केला. गॅस बंद करून विचार केला. म्हणाली, रंग तुमचा आहे. पूर्ण तुमचा. त्याला मी कोणाला हात लावू दिलेला नाही.

दुपारी ४
अण्णा बाकावर उन्हात बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. बाक हलला नाही. कानपेन्सिल हत्यारं पिशवीत भरत होता. अण्णांनी त्याला हाक मारून सांगितलं, काम पहिल्या प्रतीचं आहे, पण हा निळा रंग कोणी फासलाय तो आधी खरवडून काढ, आणि एक हात नीट मार.

कानपेन्सिलने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या ठिकाणी मी असतो तर पाहिलं असतं. उद्या येतो, म्हणाला.

मी त्याला ब्रश कुठे ठेवलाय ते सांगायला लागलो. त्याला माहीत होतं.