मागचा ब्रेक

३ मार्च
मागचा ब्रेक आज पुन्हा दगा देऊन गेला. उतारावर, ही मागे बसलेली असताना. पेडल दाबलं तर उजव्या पायाखाली काहीच नाही – आणि मग एकदम चाक धरलं. हिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळलं. "अहो, मागे पोतं बांधलंय का?"
महिनाअखेरीला समुद्राला जायचंय. मुलगी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच दोघंच. शेवटचा सगळा रस्ता घाटाचा. हा ब्रेक असा असेपर्यंत हिला मागे बसवणार नाही.

५ मार्च
ब्रेक ऑइल बदलून हवा काढली. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नट सैल करून हवा सोडायची. ही स्टुलावर बसून हातानं पेडल दाबते.
"दाब." "दाबलं." "धर." "धरलंय." "सोड."
शेवटी म्हणाली, "संसारात एवढं ऐकलं असतं तर तुम्ही डोक्यावरच बसला असतात."
एकही बुडबुडा निघाला नाही. ही म्हणते, पेडल प्रत्येक वेळी सारखंच लागतंय. हाताला काय कळणार ब्रेकमधलं!

९ मार्च
पॅड नवे. ब्रेकच्या पंपाची रबरं नवी. डिस्क गेज लावून तपासली, केसाचाही फरक नाही. तरी सकाळी पेडल घट्ट, संध्याकाळी पोकळ. सुचेनासं झालंय.

१२ मार्च
मेहुणा आला होता. एक फेरी मारून म्हणाला, "दाजी, ब्रेक झकास आहे की." गाडी थांबली की त्याच्या लेखी ब्रेक झकास. वर सल्ला – "गॅरेजला दाखवा एकदा." कुणाच्या हाताखाली न शिकता हे इंजिन मी दोनदा उतरवून बसवलंय. पण हिचा भाऊ. चहा पाजला.

१३ मार्च
ही म्हणते, बसनं जाऊ. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

१६ मार्च
मागचं चाक काढून बेअरिंग पाहिलं. ठीक. बसवताना अ‍ॅक्सलच्या नटाची पिन सापडेना. अंगण पालथं घातलं. शेवटी नवी लावली आणि चहाला आत गेलो.
ही माझ्यामागे फरशीकडे बघत उभी. लाल ठसे. गाडीचं काम मी अनवाणीच करतो – पिन उजव्या तळव्यात रुतून बसली होती.
"दुखत नाही?"
"नाही."
हिनं पाय मांडीवर घेतला, चिमट्यानं पिन ओढली, जखम धुतली. मी आपला बेअरिंगचं सांगत होतो. ही मधेच म्हणाली, "डोळे मिटा. आता कुठे हात लावलाय?"
"टाचेला."
डोळे उघडले तर माझा अंगठा हिच्या मुठीत होता.

१८ मार्च
साखर आहे. बरीच वर्षं असावी, डॉक्टर म्हणाले. तळव्यावरून बारीक दोरा फिरवला. डाव्या पायाला बहुतेक कळलं. उजव्याला कधी कळलं, कधी नाही.
साखर आवरली तर आणखी बिघडणार नाही. गेलेलं किती परत येईल ते सांगत नाहीत. गाडी चालवायची नाही.
रिक्षात ही बराच वेळ बाहेर बघत होती. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे ब्रेक तुम्ही चांगलाच बसवला होता."
मला हसू आलं. मग दुसरंच काहीतरी यायला लागलं, म्हणून मीही बाहेर बघितलं.

२५ मार्च
लग्नाआधी ही वडिलांची मोटारसायकल चालवायची. लायसन्स वेळोवेळी नवं करून जपून ठेवलंय, मला कधी बोलली नाही. आठवडाभर हिनं मैदानात फेऱ्या मारल्या, आज रस्त्यावर आलो. मी मागे. हात कुठे ठेवावेत कळेना, शेवटी हिच्या कमरेला धरलं.
परवा निघतोय. ही मला समुद्र दाखवायला नेतेय.