टाकीतलं पाणी

प्रिय दादा,

सात वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यातही चौकशी माझी नाही, माझ्या कॉम्प्रेसरची! असो. तुझ्या सायकलींच्या फ्रेमवर रंगाला फोड येतात, फिल्टर बसवूनही पाणी उडतं, आणि माझ्याकडून गेलेल्या फ्रेम वर्षानुवर्षं तशाच चकचकीत राहतात, हे कसं, असं विचारलंयस. हातचं न राखता सांगते.

तुझी चूक अगदी सुरुवातीलाच आहे. फिल्टर तू कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बसवला असणार. तुला सगळं हाताशी लागतं. अरे, हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेतलं पाणी वाफ होऊन फिल्टरमधून खुशाल पुढे निघून जातं. पुढे नळीत ती हवा गार होते आणि तेच पाणी थेंबाथेंबाने स्प्रे गनमधून तुझ्या रंगात पडतं. तेव्हा आधी तिला गार होऊ दे. मी माझ्या गॅरेजच्या भिंतीवर तांब्याचा पाइप वर-खाली, वर-खाली असा चाळीस फूट फिरवलाय आणि प्रत्येक खालच्या वळणाला एक तोटी ठेवलीय. पाणी तिथे साचतं, ते सोडून द्यायचं. फिल्टर त्यानंतर, आणि सगळ्यात शेवटी ओल शोषणाऱ्या निळ्या मण्यांचा डबा. मणी गुलाबी झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायचे, पुन्हा निळे होतात. माझा नवरा म्हणतो, तू माझ्यापेक्षा त्या मण्यांनाच जास्त जपतेस. खोटं नाही ते.

आणि रोजचं काम संपलं की कॉम्प्रेसरच्या टाकीच्या बुडाची तोटी उघडायची. हे तुला मी काय सांगू? घरामागच्या शेडमध्ये बाबांनी आपल्याला रंगाच्याही आधी तेच शिकवलं. शेवटी जाणाऱ्याने टाकीतलं पाणी काढायचं आणि भिंतीवर त्या तारखेपुढे खडूने फुली मारायची. फुली दिसली की दुसऱ्याने तपासायचं नाही. बाबांच्या लेखी तपासणं म्हणजे घरच्या माणसावर अविश्वास.

त्या विश्वासानेच माझं वाटोळं केलं. सायकल क्लबच्या बारा फ्रेम, माझं पहिलं स्वतःचं काम. सकाळी मी शेडमध्ये, दुपारनंतर तू. रोज सकाळी तुझी कालची फुली बघायची आणि मी गन उचलायची. महिन्याभरात बाराही फ्रेमना फोड आले. क्लबवाल्यांनी त्या अंगणात आणून टाकल्या आणि बाबांनी माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले. हिच्या हाताला घाम येतो, असला हात रंगाला चालत नाही, असं म्हणून त्यांनी शेडची किल्ली तुला दिली. मी तेवीस वर्षांची होते. तू शेजारीच उभा होतास. किल्ली खिशात घातलीस आणि नखं बघत राहिलास. त्यानंतर मी घरात घामट झाले. हातमोजे घालून करते म्हटलं तरी बाबांनी मला गनला हात लावू दिला नाही. आता तुझ्या फ्रेमना फोड येतात तेव्हा ते म्हणे हवामानाला दोष देतात. वा! तुझे फोड हवामानाचे आणि माझे हाताचे.

खरं काय ते मला गेल्या वर्षी मावशीकडे कळलं. वहिनी लग्नाआधीच्या गमती सांगत होती. त्या महिन्यात तुम्ही रोज दुपारी भटकायला जायचात. तू शेडमध्ये फक्त फुली मारण्यापुरता डोकावायचास, तोटीला हातही न लावता मागच्या दाराने पसार, कारण कपडे खराब झाले असते. वहिनी हसत होती, तिला बिचारीला काय माहीत! मीही हसले. तेव्हापासून आतल्या आत धुमसते आहे, दादा. तू कामचुकारपणा केलास, तो एक वेळ मी विसरेन. पण गप्प राहिलास ते नाही. नऊ वर्षं मी माझ्याच हातांचा राग राग केला.

हे फोनवरही बोलता आलं असतं, पण फोन तू ठेवून दिला असतास. पत्राचं तसं नाही. बाबांना आता दिसत नाही, आणि घरात आलेलं पत्र, कोणाच्याही नावाचं असो, वहिनीने चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं हा त्यांचा नियम. म्हणून तर पाइप आणि मणी आधी लिहिले. कामाचं पत्र म्हणून तू निवांत पाय पसरून बसला असशील. सल्ला मात्र सगळा खरा आहे, बिनधास्त वापर. बाबा, ऐकलंत ना? माझ्या हातांचा काही दोष नव्हता. टाकीत पाणी होतं. आणि वहिनी, दादा कागद मागत असेल तर देऊ नकोस. बाबांना नीट ऐकू गेलं नसेल, तर फुलीपासून पुन्हा वाच.

तुझीच,
पाठची बहीण