माळ्यावरचा माणूस

नाशिक
९ डिसेंबर २००१

बाबा,

पायावर डोकं ठेवते. मी बरी आहे. होस्टेलात दोन्ही वेळा पोटभर मिळतं, माझा घोर करू नको. तुझा खोकला थांबला का? धाकटी आशा तुला हे पत्र वाचून दाखवेल.

कॉम्प्युटरच्या वर्गात सरांनी प्रत्येकाला एक छोटा गेम बनवायला सांगितला. मी आपलं नागलीचं शेत केलं. मधोमध राखणीचा माळा, त्यावर एक माणूस, हातात गोफण. पाखरं उतरली की तो दगड मारतो.

गेम सुरू झाला, पण थांबेना. पाखरं संपली तरी माणूस रिकाम्या शेतात दगड मारतच राहिला. सर म्हणाले, "त्याने कधी थांबायचं हे तू लिहिलंच नाहीस. मशीनला आपणहून काही कळत नाही."

ते लिहायचं मला सुचलंच नव्हतं. आपल्याकडे आई होती तोवर ती बांधावरून हाक मारायची, "भाकर झाली, उतरा आता," आणि तू उतरायचास.

आशाने कळवलंय, नागली कापून महिना झाला तरी तू रोज माळ्यावर चढतोस आणि अंधार पडला तरी बसून राहतोस. वाचून आधी तुझा राग आला. मग गेममधला तो माणूस आठवला.

त्याच्यासाठी मी एक ओळ वाढवली. आता पाखरं संपली की तो खाली येतो.

आशा, पुढचं तुझ्यासाठी आहे, पण मोठ्याने वाच. उद्यापासून दिवस मावळताना बांधावर जा आणि आईसारखी हाक मार.

बाबा, हाक आली की उतर. भाकर गार होते.

तुझी
सरिता