हा फोन आमच्या ओळखीचा नाही

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. वरच्या पदावर जाणाऱ्या माणसाचे विचार सुसूत्र हवेत. कोणी वाचणार नाही, त्यामुळे नम्रपणा गाळला आहे.

'खुशाल' अ‍ॅपच्या सुरक्षेसाठी एक प्रमुख नेमायचा आहे, असं साहेबांनी आज मीटिंगमध्ये जाहीर केलं. सांगताना माझ्याकडे बघत होते. पणबाई म्हणाली, पण त्यांचं लक्ष तुमच्या मागच्या घड्याळाकडे होतं. पणबाई म्हणजे आमची टेस्टर. तिचं वाक्य 'पण'ने सुरू होतं आणि समोरच्याचा उत्साह तिथेच संपतो.

अ‍ॅप साधं आहे. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाने सकाळी उठून हिरवं बटण दाबायचं. मुलांच्या फोनवर 'खुशाल' उमटतं. मुलं निर्धास्तपणे कामाला लागतात. बटण दाबलं नाही तर मुलांकडे लाल दिवा.

गेल्या महिन्यात मात्र भानगड झाली. एका भाच्याने मावशीचा पासवर्ड घेतला आणि स्वतःच्याच फोनवरून रोज हिरवं दाबायला लागला. रोजची कटकट नको म्हणून. मावशी बाथरूममध्ये पडून होती आणि सर्वांकडे हिरवंगार. वाचली, ती शेजारणीमुळे.

असं पुन्हा होता कामा नये. मी करून दाखवेन.

६ फेब्रुवारी
योजना मांडली. फळ्यावर चित्र काढून.

अ‍ॅप फोनमध्ये टाकलं की ते स्वतःसाठी एक लांबलचक क्रमांक तयार करतं. तसा दुसरा जगात नाही. ही त्याची जन्मखूण. आपला सर्व्हर ती लक्षात ठेवणार. पासवर्ड बरोबर असला तरी खूण अनोळखी दिसली की दार बंद. मग त्या माणसाच्या मुलाने किंवा मुलीने, म्हणजे राखणदाराने, आपल्या फोनवरून 'हो, हे आमचेच' म्हटलं, तरच दार उघडणार. भाचा बाहेरच्या बाहेर.

साहेबांना भाचा बाहेरच्या बाहेर आवडला.

पणबाईने विचारलं, पण अ‍ॅप काढून परत टाकलं तर? म्हटलं, जुनी खूण गेली, नवी आली. ती म्हणाली, पण मग तेच माणूस अनोळखी होणार. म्हटलं, घटकाभर. आणि अ‍ॅप एकसारखं काढून परत टाकायला लोकांना वेड लागलंय का?

पहिला प्रयोग बाबांवर करते. एकटे राहतात, शांत स्वभाव, हात स्थिर. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आदर्श वापरकर्ता.

९ फेब्रुवारी
बाबांकडे जाऊन अ‍ॅप टाकून आले. त्यांना जन्मखूण समजावली. त्यांनी विचारलं, दिसते कुठे? म्हटलं, दिसत नाही. मग म्हणाले, बरं.

निघताना म्हणाले, चिमणे, चहा तरी घे. (मी शेहेचाळीस वर्षांची आहे. सुरक्षेची प्रमुख होऊ घातलेली आहे.) म्हटलं, पुढच्या वेळी. आता रोज सकाळी आपली भेट होणारच आहे अ‍ॅपवर.

१० फेब्रुवारी, सकाळ
खुशाल. हिरवं. डोळ्यांत पाणी आलं. यंत्रणेचं यश.

१३ फेब्रुवारी
ऐन कामात फोनवर इशारा: अनोळखी अ‍ॅप तुमच्या वडिलांच्या खात्यात शिरू पाहत आहे. बाबांना फोन केला. शांतपणे म्हणाले, मीच आहे. जरा जड चालत होतं, म्हणून काढून पुसून परत बसवलं.

हा त्यांचा धंद्याचा रिवाज. घड्याळ बंद असो की चालू, महिन्यातून एकदा उघडायचं, पुसायचं, परत बसवायचं.

ओळख पटवण्यासाठी त्यांच्या फोनवर आलेले सहा आकडे त्यांनी मला वाचून दाखवायचे असतात. चार. मग थांब, दूध उतू जातंय. मग सात. मग वरच्या मजल्यावरच्यांची मांजर आता आपल्याच खिडकीत बसते, तिला हुसकावलं तर रागावते. मग परत सात, की हा एक आहे? सहा आकड्यांना एवढा वेळ लागला की माझा चहा गार झाला.

निष्कर्ष: सहा आकडे फार होतात. चार करावेत.

१७ फेब्रुवारी
पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. आता चार आकडे. तरी वेळ तेवढाच. पहिल्या दोन आकड्यांच्या मध्ये गुडघा, तिसऱ्यानंतर आईची जुनी गोष्ट. ती मला पाठ आहे. तरी शेवटपर्यंत ऐकली, कारण चौथा आकडा तिच्यामागे होता.

बाबांना कडक शब्दांत सांगितलं की अ‍ॅप पुसायचं नसतं. ते म्हणाले, धूळ सगळीकडे बसते.

२० फेब्रुवारी
आता दर दिवसाआड. सर्व्हरच्या नोंदीत माझ्या वडिलांचे इतके जन्म झालेत की पणबाई म्हणाली, पण तुमचे बाबा आहेत तरी किती?

नवऱ्याला अडचण सांगितली. त्याने पेपरामागूनच विचारलं की बाबा एका बसच्या अंतरावर राहतात ना? म्हटलं, तो मुद्दाच नाही. हा यंत्रणेचा प्रश्न आहे. त्याने पान उलटलं.

२३ फेब्रुवारी
तोडगा सापडला! आकडे रद्द. फोन रद्द. बाबांनी अ‍ॅप परत टाकलं की माझ्या फोनवर फक्त एक प्रश्न येईल: हे तुमचेच का? मी 'हो' दाबणार. बोलण्याची गरजच नाही. बाबांचा केवढा वेळ वाचेल.

त्यांना कळवलं. ते म्हणाले, म्हणजे तू फोन करणार नाहीस? आनंदाने सांगितलं, आता कधीच करावा लागणार नाही!

२६ फेब्रुवारी
विचित्र. काल बाबांनी दिवसातून तीनदा अ‍ॅप काढलं. मी तीनदा 'हो' दाबलं. एकदा जिन्यात, एकदा लिफ्टमध्ये, एकदा साहेबांशी बोलताना टेबलाखाली.

याला वापरकर्त्याची चूक म्हणतात. अहवालात तसं लिहिलं.

२ मार्च
उद्या डेमो. मोठे गिऱ्हाईक येणार आहेत, वृद्धांसाठी घरं बांधणारे. डेमो जमला की पद माझं, असं साहेब बोलले नाहीत, पण गप्प बसले ते तशाच अर्थाने.

यंत्रणा आणखी कडक केली. पूर्वी ऑफिसात बसून आम्हाला कोणाचंही खातं उघडता यायचं. ती मागची वाट बुजवून टाकली. आता मीसुद्धा आत जाऊ शकत नाही. याला म्हणतात सुरक्षा. शिवाय राखणदाराच्या अ‍ॅपलाही जन्मखूण दिली. राखणदार अनोळखी निघाला, तर त्याची ओळख वडीलधाऱ्याने पटवायची. परस्परविश्वास.

पणबाईने विचारलं, पण दोघांनीही एकदमच काढून परत टाकलं तर? कोण कोणाला ओळखणार? म्हटलं, तेवढा योगायोग सिनेमातसुद्धा दाखवत नाहीत.

सायंकाळी: लक्षात ठेवणे. डेमोत अ‍ॅपचा अगदी पहिला पडदा दाखवायचा आहे. त्यासाठी माझ्या फोनवरचं अ‍ॅप काढून कोरं टाकायला हवं.

३ मार्च, सकाळ
काढलं. टाकलं. पहिला पडदा सुंदर दिसतोय.

३ मार्च, जेवणाची सुट्टी


डेमो सुरू झाला. मोठ्या पडद्यावर माझा फोन. मी म्हणाले, आता माझे वडील खुशाल आहेत हे आपण पाहू. पडद्यावर आलं: हा फोन आमच्या ओळखीचा नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना ओळख पटवायला सांगा. गिऱ्हाईक हसले. मीही हसले. बाबांकडे विनंती पाठवली. उत्तर आलं: वडीलधाऱ्यांचा फोन आमच्या ओळखीचा नाही. राखणदाराला ओळख पटवायला सांगा.

त्यांनी सकाळी पुसलं होतं.

पणबाई मागे उभी होती. या एकाच वेळी ती काही बोलली नाही.

बाबांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. साहेबांनी हळूच विचारलं, आपण ऑफिसातून आत जाऊन बघू शकत नाही का? मी सांगितलं, नाही, ती वाट मी बुजवली. गिऱ्हाइकांपैकी एक बाई म्हणाल्या, म्हणजे आता ते बरे आहेत की नाहीत, हे तुम्हाला कळायला काहीच मार्ग नाही? प्रश्न साधा होता. उत्तर फळ्यावरच्या चित्रात कुठेच नव्हतं.

मला त्या मावशीचं बाथरूम आठवलं. मी ते कधी पाहिलेलं नाही. तरी फरशीसकट आठवलं.

निघते. पर्स टेबलावर राहिली तर राहू दे.

३ मार्च, संध्याकाळ
बसमध्ये कंडक्टरला सांगितलं, पर्स विसरलेय. त्याने तोंडाकडे पाहिलं आणि पुढे गेला.

बाबांच्या दाराशी पोचले. बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. आतून चपला फरफटल्या, कडी निघाली, दार सताड उघडलं. बाबा. डोळ्याला भिंग लावलेलं, हातात चिमटा. तिथेच उंबऱ्यावर बसले.

आणि तोंडातून काय निघावं? म्हटलं, बाबा, कोण आहे न विचारता दार उघडायचं नसतं, किती वेळा सांगितलं! ते म्हणाले, बेलवरचा हात न काढणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. तू पहिलीत होतीस तेव्हापासून शेजारी ओरडतायत.

आत टेबलावर पांढरं फडकं आणि फडक्यावर फोन, सुटा सुटा. पाठ वेगळी, बॅटरी वेगळी, बारीक स्क्रू बशीत. मला रडू आवरेना. बाबा गोंधळले. म्हणाले, अगं, तूच केलेलं अ‍ॅप म्हणालं की हा फोन आमच्या ओळखीचा नाही. अ‍ॅप पुसून बघितलं, तरी तेच. तुझं काम चुकायचं नाही. म्हणून मी म्हटलं, दोष आपल्याच फोनात असणार, आत बघू.

चहा केला त्यांनी. मांजर खिडकीत होती. तिने माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं, आणि तिचं काही चुकलं नाही.

विचारलं, बाबा, खरं सांगा, रोज कशाला पुसत होतात? ते स्क्रू मोजत म्हणाले, सवय. मग म्हणाले, आणि पुसलं की तुझा फोन यायचा. मग तो बंद झाला. म्हटलं, जरा जास्त पुसून बघावं.

हे अहवालात कोणत्या सदरात लिहायचं, ते कळलं नाही.

५ मार्च
पद पणबाईला. साहेब म्हणाले, शंका काढणारं माणूस हवं. मी तिचं अभिनंदन केलं. ती म्हणाली, पण जन्मखुणेची कल्पना चांगलीच आहे, ती ठेवणार आहोत, फक्त मागची वाट परत उघडू आणि ओळख पटवताना फोनवर बोलणं सक्तीचं करू. मला बरं वाटलं. तिच्यासमोर दाखवलं नाही.

खरं तर मलाच ते पद नको होतं. वेळ कुठे असतो?

बाबांनी फोन परत जोडला. एक स्क्रू उरला. फोन चालतो.

६ मार्च
निश्चय. अ‍ॅप दोघांच्याही फोनवरून काढून टाकलं. यापुढे रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी बाबांना स्वतः फोन. काहीही झालं तरी. पाऊस असो, वादळ असो. रविवारी प्रत्यक्ष चहा.

७ मार्च
केला. बाबांनी मांजरीला नाव ठेवलंय. छान वाटलं.

८ मार्च
रविवार. घरात पसारा फार. जाणं झालं नाही. फोन केला, थोडक्यात.

१० मार्च
सकाळी घाई. संध्याकाळी करणार होते.

११ मार्च
पणबाईने पहिल्याच मीटिंगला मला सर्वांत आधी बोलावलं. मध्येच फोन वाजला. बाबा. धावत जिन्यात गेले, विचारलं, काय झालं?

बाबा म्हणाले, काही नाही गं, काल तुझा फोन आला नाही, आजही नाही. म्हटलं, बघावं, चिमणी खुशाल आहे ना.

म्हटलं, खुशाल आहे.

ते म्हणाले, आवाजावरून वाटत नाही.