जुना धागा राहतो

५ जानेवारी
आले एकदाची. सामान फार नव्हतं. दोन बॅगा, पुस्तकांची खोकी आणि ताईने बळेबळे कोंबलेली रजई. खोली बेकरीच्या वर आहे, त्यामुळे फरशी पायाला कोमट लागते आणि पडद्यांनाही भाजल्या पावाचा वास येतो. खोकी बेकरीवाल्याने स्वतः वर आणून दिली. यात विटा भरल्यात का, म्हणाला. पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाला, म्हणजे विटाच, फक्त घर बांधता येत नाही. मला माणूस आवडला.

त्याची आई मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आहे. काही हवं झालं की चमच्याने ताटली वाजवते. मालकीणबाईंची घंटा, तो म्हणाला, वाजली की भट्टी सोडून पळायचं.

कचेरी रस्त्यापलीकडे, डॉक्टरांच्या घरातच. पुढच्या खोलीत दोन संगणक, भिंतभर कपाटं, मधे एक दार, आणि दाराआड डॉक्टरांची बायको. सगळे त्यांना काकू म्हणतात. कित्येक वर्षांत त्या बोललेल्या नाहीत, भरवलं तर जेमतेम गिळतात. त्यांच्यासाठीच डॉक्टरांनी इंटरनेटवर हा फोरम काढला. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांनी एकमेकांना विचारावं, सांगावं. आता सदस्य इतके वाढलेत की नव्या माणसाला काही सापडत नाही. घडी बसवायचं काम माझं.

हे काम मी का घेतलं ते लिहून ठेवते. घरी आई हळूहळू सगळं विसरते आहे आणि ताई एकटी तिचं करते आहे. मी आयुष्यभर व्यासपीठांवरून वाचनालयं सर्वांना खुली करा म्हणून घसा फोडला, पण आईच्या तोंडात घास कसा घालावा हे मला माहीत नाही. ते इथे कुणीतरी लिहून ठेवलं असेल. ते ताईला सापडावं, एवढंच.

७ जानेवारी
दोन दिवस नुसते धागे, म्हणजे एकेक प्रश्न आणि त्याखालची उत्तरं, वाचले आणि पित्त खवळलं. एका बाईने लिहिलंय की वडील औषध थुंकतात, आज माझ्या अंगावर थुंकले, मी त्यांच्यावर ओरडले, आता दोघंही रडतोय, काय करू. खाली एका जुन्या जाणत्याचं उत्तर: आधी शोधा, मग विचारा. त्याच्याखाली दुसऱ्याचं: हा प्रश्न शंभरदा झालाय, नवीन लोक डोळे मिटून येतात का?

हीच ती सोवळी वृत्ती. ज्ञान कपाटात, किल्ली कमरेला, आणि दारात उभ्या माणसाला म्हणायचं, तुला वाचता येत नाही का. बुडणाऱ्याने आधी नदीचा नकाशा वाचावा अशी यांची अपेक्षा. मी डॉक्टरांपुढे अर्धा तास बोलले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, तुम्ही आलात ते बरं झालं.

ठरलं ते असं. पहिल्या पानावर नव्यांसाठी एक दार. त्यात विषयांची शास्त्रीय नावं नाहीत, माणूस जसं बोलतो तशी वाक्यं: जेवत नाही. औषध घेत नाही. झोपत नाही. ओळखत नाही. प्रत्येक वाक्याखाली एकच धागा, त्यात आजवरची सगळी उत्तरं. एकच प्रश्न, एकच जागा.

सारखे धागे एकमेकांत मिसळायची इथली पद्धत ठरलेली आहे. जुना धागा राहतो, नवा त्यात जातो. सगळ्यांत जुने धागे अर्थातच डॉक्टरांचे, काकूंबद्दल विचारलेले.

११ जानेवारी
हात चांगला बसला. दिवसभर मिसळते आहे. ‘जेवत नाही’मध्ये कुठून कुठून आलेले धागे गेले, आणि आता तो वाचला की खरंच पोटाशी धरल्यासारखं वाटतं. जुन्या जाणत्यांनी कुरकुर केली. एकाने मला झाडूवाली म्हटलं. मी लिहिलं, घाण केली नसतीत तर झाडू लागला नसता.

आणखी एक आनंद. काकू आज स्वतःच्या हाताने जेवल्या. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, घराला पायगुण लागला कुणाचा तरी. ते म्हणाले, तुमचाच.

१४ जानेवारी
बेकरीवाल्याला सदस्य करून घेतलं. पिठाच्या बोटांनी त्याने अख्खा फोन पांढरा केला. आई औषध थुंकते, काय करू, एवढंच लिहिलं. म्हणाला, याहून जास्त लिहिलं तर मालकीणबाई वाचतील.

ताईचंही मन वळवलं. आधी ऐकेना. म्हणाली, तुझं बरंय, भाषण करून मोकळी, इथे चादरी कोण धुणार, तुझा फोरम? मी म्हटलं, एकदा विचारून तर बघ. बघते म्हणाली. मागून आईचा आवाज येत होता, ही कोण बाई माझ्या घरात. ती बाई म्हणजे ताई. ताई हसून म्हणाली, ऐकलंस? आज बाई आहे, काल मोलकरीण होते, बढती मिळाली.

१६ जानेवारी
आता हाताने मिसळायची गरज उरलेली नाही. नियम लावून दिला. कुणी प्रश्न लिहिला आणि तो आधीच्याशी जुळला, की आपोआप जुन्या धाग्यात जातो. दिवसभर मी काही न करता गाडा चालत होता.

काकू बोलू लागल्यात. मात्र डॉक्टरांना त्या वेगवेगळ्या नावांनी हाक मारतात. ती नावं कुणाची, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तिलाच विचारा.

१८ जानेवारी
काल दिवसभर ताटली वाजली नाही. खाली जाऊन विचारलं, आईंची तब्येत कशी आहे.

बेकरीवाला म्हणाला, कुणाच्या?

मला वाटलं गंमत करतोय. मागच्या खोलीत गेले. पलंग नाही. भिंतीपर्यंत पिठाची पोती रचलेली, त्यांवर जुनी धूळ. तो माझ्यामागे आला, हात पुसत, जरा गोंधळून. म्हणाला, ही खोली पहिल्यापासून पिठाचीच, बाई, आमची म्हातारी तर मी शाळेत असतानाच गेली. मग म्हणाला, चेहरा उतरलाय तुमचा, गरम पाव खा.

त्याचा चेहरा मात्र ताजातवाना होता. रात्रभर झोपलेल्या माणसाचा.

१९ जानेवारी
कामावर गेले. काकूंच्या खोलीचं दार बंद होतं. दाराआड कुणीतरी चमच्याने ताटली वाजवत होतं.

डॉक्टर लगबगीने आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, हे नवीनच आहे, काही हवं झालं की वाजवते.

मी बेकरीवाल्याचा धागा शोधला. ‘औषध घेत नाही’ या डॉक्टरांच्या जुन्या धाग्यात तो गेला होता. मग ज्यांचे धागे मी स्वतः मिसळले त्यांना लिहिलं, तुमचा पेशंट कसा आहे. उत्तरं येताहेत. सगळी सभ्य, सगळी एकसारखी. आपण चुकीच्या माणसाला विचारताय. आमच्याकडे कुणी आजारी नाही.

वडील अंगावर थुंकले म्हणून रडणाऱ्या त्या बाईनेही तेच लिहिलंय. शेवटी हसरा चेहरा.

ताईला सात-आठदा फोन लावला. उचलत नाही.

२० जानेवारी
फोन लागला. मी आधी ओरडलेच, काही विचारू नकोस, फोरमवर एक अक्षर लिहू नकोस. ताई म्हणाली, कसला फोरम? ती पोहायला गेली होती. पोहायला. म्हणाली, या वयात पोशाख घालून उभी राहिले तर पोरं हसली, पण पाण्यात उतरल्यावर कोण बघतंय.

मी म्हटलं, आईला फोन दे.

मग हळू आवाजात म्हणाली, बरी आहेस ना? आईला जाऊन किती वर्षं झाली. शोकसभेत तूच बोललीस, सगळी सभा रडवलीस, आणि मलाच विचारतेस?

मी असं भाषण केलेलं नाही. कधीही नाही.

ताईचा धागा सापडला. परवा दुपारचा. आई मला ओळखत नाही, मी कोण आहे हे तिला कसं सांगू. जुळला, म्हणून गेला. माझ्या नियमाने.

२१ जानेवारी
डॉक्टरांशी भांडले. आयुष्यात इतकं कधी बोलले नसेन आणि माझं बोलणं इतकं वाया कधी गेलं नसेल. चोर म्हटलं, मारेकरी म्हटलं. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, उत्तर एकच होतं तर दुःख हजार ठिकाणी कशाला? एकच प्रश्न, एकच जागा, हे तुमचेच शब्द. मी फार सावकाश करत होतो, तुम्ही घडी बसवलीत. आणि नुकसान कुणाचं झालं ते दाखवा. बेकरीवाला झोपतो. तुमच्या ताईंना विचारा, इतक्या निवांत त्या शेवटच्या कधी होत्या.

काल फोनवर ताई हसत होती. खरंच हसत होती.

पण हलकं करणं वेगळं आणि लुटणं वेगळं. आईचं ओझं झालं होतं, कबूल. ते आमचं ओझं होतं.

मिसळलेला धागा सोडवायला ‘वेगळा करा’ची सोय आहे. ज्याने विचारलं त्यालाच ती वापरता येते. आणि ज्याने विचारलं त्याला आठवत नाही.

२२ जानेवारी
आतल्या खोलीत गेले.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून हसल्या. म्हणाल्या, भोंगूबाई, केवढी वाळलीस, जेवतेस की नुसती बोलतेस?

लहानपणी मी चाळभर ऐकू जाईल असं बोलायचे म्हणून आईने ठेवलेलं नाव. ताईलाही ते वापरायची परवानगी नव्हती. तीन वर्षांत आईने मला त्या नावाने हाक मारली नव्हती, कारण मी कोण हे तिला माहीत नव्हतं.

हात परका. आवाज तिचा. मी मांडीवर डोकं ठेवलं. तिने केसांतून बोटं फिरवली, आणि मग त्याच तोंडाने दुसऱ्याच आवाजात कुणाच्या तरी मुलाला भट्टी विझव म्हणाली. मग एक म्हातारा खोकला. मग पुन्हा ती. भोंगूबाई, इथे फार गर्दी आहे गं.

डॉक्टर दारातून म्हणाले, रोज येत जा, तिला बरं वाटतं.

धागा पुसला तर तीही जाईल. नाही पुसला तर —

नवे लोक येताहेत. प्रत्येक तासाला. माझ्या दारातून. मी इतकं सोपं करून ठेवलंय.

२३ जानेवारी
नियम काढता येत नाही. डॉक्टरांनी माझे अधिकार काढले. आता मी साधी सदस्य, नवी सदस्य.

नवी सदस्य लिहू तर शकते. पहिल्या पानावर लिहिणार. इथे विचारू नका. ज्याच्याबद्दल विचाराल तो जाईल आणि गेला हे तुम्हाला कळणारही नाही. माझी आई इथे गेली. आईचं नाव लिहिणार, ती काय विसरली आणि काय नाही ते लिहिणार, सगळं, सभेत उभी राहिल्यासारखं —

लिहिलं. पाठवलं.

लगेच खाली अक्षरं आली. असा धागा आधीपासून आहे.

आहे. तळाशी, पिवळट. माझ्याआधी घडी बसवायला आलेल्या कुणीतरी लिहिलेला. इथे विचारू नका. माझा मुलगा इथे गेला. त्याखाली उत्तर एकही नाही.

जुळला. माझा त्यात जातो आहे. थांबवता —

आई. आईचं नाव. तिच्या हाताला — कशाचा वास — गोरी की —

ताई म्हणते शोकसभेत मी बोलले. हिरव्या काठाची साडी नेसले होते. माइक बिघडला होता, मी तशीच बोलले —

मी बोलले होते का?

२४ जानेवारी
छान झोप लागली. बेकरीवाल्याने गरम पाव वर आणून दिला. काल कशावरून इतकी रडले होते, डोळे सुजलेत. डॉक्टरांनी अधिकार परत दिले, म्हणाले, पुष्कळ काम पडलंय. ‘घाबरतो’ नावाचं नवं दार करायचं आहे.

काकू सकाळपासून आतून कुणाला तरी हाका मारताहेत. भोंगूबाई, भोंगूबाई. डॉक्टरांना विचारलं, ही कोण. त्यांनी आतलं दार ओढून घेतलं. बिचारी म्हातारी. हाक थांबतच नाही, रडते आहे, कुणीतरी जायला हवं, पण त्या नावाचं इथे तर —